वायू बाहेर की आत? आकाशगंगेच्या केंद्राची कथा

सर्पिल दीर्घिकेचे छायाचित्र वर्गात दाखवले की एक प्रश्न हमखास येतो. मोरीच्या भोकाकडे पाणी जसे गोल फिरत जाते, तसे हे सगळे मधे ओढले जात आहे का? चित्र पाहून तसे वाटणे स्वाभाविक आहे. तरीही पहिले उत्तर 'नाही' असेच द्यावे लागते. दीर्घिकेच्या चकतीतील तारे आणि वायू केंद्राभोवती जवळजवळ वर्तुळाकार कक्षांत फिरत असतात आणि अब्जावधी वर्षे तसेच फिरत राहू शकतात. मात्र लगेच दुसरे उत्तर जोडावे लागते. ताऱ्यांचे हे खरे असले, तरी वायूचा काही भाग खरोखरच केंद्राकडे जातो, आणि तो कसा जातो हे समजायला शास्त्रज्ञांना बराच काळ लागला.

या इतिहासातला सर्वांत बोधप्रद भाग आपल्या स्वतःच्याच आकाशगंगेविषयी आहे. १९५७ साली तिच्या अंतर्भागातील वायूचा वेग मोजला गेला, तेव्हा तो आत नव्हे, बाहेर धावताना दिसला. ते मोजमाप अचूक होते. आजही मोजले तर जवळजवळ तोच आकडा मिळतो. बदलला तो त्या आकड्याचा अर्थ. तो कसा बदलला, हे या लेखात पाहू.

पडणे इतके अवघड का?

आधी अडचण नीट समजून घेऊ. सूर्य आकाशगंगेच्या केंद्रापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षे अंतरावर आहे आणि सेकंदाला सुमारे २३० किलोमीटर वेगाने केंद्राभोवती फिरतो. एका फेरीला २० कोटींहून अधिक वर्षे लागतात. सूर्याच्या शेजारचा वायूही जवळपास याच वेगाने फिरतो. फिरणाऱ्या वस्तूचा कोनीय संवेग म्हणजे तिचे वस्तुमान, वेग आणि केंद्रापासूनचे अंतर यांचा गुणाकार (कक्षा वर्तुळाकार असेल तर). बाहेरून कोणी पीळ दिल्याशिवाय हा संवेग बदलत नाही.

आता केंद्राजवळ जाऊ. तेथे सुमारे ४३ लाख सूर्यांच्या वस्तुमानाचे कृष्णविवर आहे. त्याच्यापासून एक प्रकाशवर्ष अंतरावर वर्तुळाकार कक्षेचा वेग किती, हे अकरावी-बारावीचा विद्यार्थी काढू शकेल. गुरुत्वीय स्थिरांक आणि वस्तुमान यांच्या गुणाकाराला अंतराने भागून वर्गमूळ घेतले, की उत्तर सेकंदाला सुमारे २४५ किलोमीटर येते. म्हणजे वेग जवळपास सूर्याच्या वेगाइतकाच, पण अंतर २६,००० पट कमी. साहजिकच कोनीय संवेगही सुमारे २५,००० पट कमी.

याचा अर्थ असा, की सूर्याजवळच्या एक किलो वायूला केंद्रापासून एक प्रकाशवर्षावर पोचायचे असेल, तर आपल्या कोनीय संवेगाच्या २५,००० भागांपैकी फक्त एक भाग जवळ ठेवून बाकीचा सगळा दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकावा लागेल. म्हणून 'वायू केंद्राकडे कसा जातो?' हा प्रश्न खरे तर 'त्याचा कोनीय संवेग कोण घेतो?' असा आहे. बेसिनमधल्या पाण्याला भांड्याच्या पृष्ठभागाचे आणि स्वतःच्या थरांचे घर्षण मदत करते. आंतरतारकीय वायू इतका विरळ असतो, की नुसत्या घर्षणाने हे काम विश्वाच्या आजवरच्या आयुष्यातही होणार नाही.

एकवीस सेंटिमीटरची लहर

आकाशगंगेच्या केंद्राकडे साध्या दुर्बिणीतून पाहून उपयोग नसतो. मधल्या धुळीमुळे तेथला दृश्य प्रकाश आपल्यापर्यंत पोचतच नाही. ही धूळ भेदून येणारा निरोप सापडला, तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. जर्मनव्याप्त हॉलंडमध्ये यान ओर्ट या खगोलशास्त्रज्ञाच्या हाती अमेरिकेतील ग्रोट रेबर याचा रेडिओ निरीक्षणांवरील लेख आला. रेडिओ लहरींच्या वर्णपटात एखादी ठळक रेषा असेल तर तिच्यावरून वायूचा वेग मोजता येईल, हे ओर्टने ओळखले आणि तो प्रश्न हेन्ड्रिक व्हान दे हुल्स्ट या तरुण विद्यार्थ्यापुढे ठेवला. १९४४ साली व्हान दे हुल्स्टने उत्तर दिले : साध्या हायड्रोजन अणूतून २१ सेंटिमीटर तरंगलांबीची लहर निघायला हवी. एखाद्या सुट्या अणूतून ती सरासरी एक कोटीहून अधिक वर्षांत एकदाच निघते. पण अवकाशात हायड्रोजन इतका आहे, की त्याची भरपाई होते.

ही लहर प्रथम टिपली १९५१ च्या मार्चमध्ये हार्वर्ड विद्यापीठात, युएन आणि पर्सेल यांनी. डच गट काही आठवड्यांनीच यशस्वी झाला. त्यांची अँटेना म्हणजे युद्धानंतर मागे राहिलेली जर्मन रडारची थाळी होती, आणि त्यांचा संग्राहक मधल्या काळात आगीत जळाला होता. याच लहरीचे काम पुढे जगभर चालले. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी ही दुर्बीण, जिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना अनेक शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह पाहिल्या असतील, तीही इतर दीर्घिकांतला हायड्रोजन याच लहरीवरून शोधते.

वायू आपल्याकडे येत असेल तर लहरीची तरंगलांबी किंचित कमी होते, दूर जात असेल तर वाढते. हाच डॉप्लर परिणाम. मात्र त्याची एक मर्यादा विद्यार्थ्यांना आवर्जून सांगायला हवी. त्यातून फक्त आपल्या दृष्टिरेषेवरचा वेग कळतो. आडवा वेग कळत नाही. पुढची सगळी कथा या एका मर्यादेवर उभी आहे.

बाहेर धावणारी भुजा

१९५६ साली हॉलंडमध्ये ड्विंगेलो येथे २५ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण सुरू झाली. पुढच्याच वर्षी व्हान वूर्डेन, रौखोर आणि ओर्ट यांनी एक आश्चर्यकारक निष्कर्ष प्रसिद्ध केला. आकाशगंगेच्या केंद्रापासून सुमारे १०,००० प्रकाशवर्षांवर, म्हणजे तीन किलोपार्सेकवर, वायूची एक लांब भुजा आहे. केंद्राच्या बरोबर दिशेने पाहिले असता ती सेकंदाला ५३ किलोमीटर वेगाने आपल्याकडे येताना दिसते.

ती केंद्राच्या अलीकडे आहे हे कशावरून? केंद्राजवळ धनू तारकासमूहात एक तेजस्वी रेडिओ स्रोत आहे. या भुजेतील हायड्रोजन त्या स्रोताची २१ सेंटिमीटर लहर शोषून घेतो, म्हणजे तो स्रोताच्या पुढे, आपल्या बाजूला असला पाहिजे. वर्तुळाकार कक्षेत फिरणारा वायू या ठिकाणी बरोबर आडवा जायला हवा. त्याचा आपल्या दिशेचा वेग शून्य यायला हवा होता. तो शून्य नव्हता. जो वायू केंद्राच्या आणि आपल्या मधे आहे आणि आपल्याकडे येत आहे, तो केंद्रापासून दूर जात आहे, यात शंका नव्हती. केंद्राच्या पलीकडचा काही वायू आपल्यापासून दूर, म्हणजे पुन्हा केंद्राच्या बाहेरच जाताना आढळला. दोन्ही बाजूंनी वायू बाहेर! मग केंद्रात काहीतरी स्फोट झाला असावा, हा तर्क सरळ होता.

त्या काळच्या विचारांनाही तो मानवणारा होता. जेम्स जीन्स यांनी १९२८ सालीच लिहिले होते, की दीर्घिकांची केंद्रे ही विश्वात नवे द्रव्य आत येण्याची ठिकाणे असू शकतील. आर्मेनियाचे व्हिक्टर आंबार्त्सुमियान यांनी १९५८ साली ब्रुसेल्सच्या सॉल्व्हे परिषदेत दीर्घिकांच्या गाभ्यातून द्रव्य बाहेर फेकले जाते, असे मत मांडले. केंद्रातून द्रव्य बाहेर येण्याच्या कल्पनेशी आपलाही संबंध आहे. हॉइल, बर्बिज आणि जयंत नारळीकर यांनी १९९३ साली मांडलेल्या अर्धस्थिर विश्वाच्या सिद्धांतात, दीर्घिकांच्या गाभ्यांत असतात तशा प्रचंड घन वस्तूंजवळच नवे द्रव्य निर्माण होते.

पण एक अडचण होती. वायू सतत बाहेर जात असेल तर आतला साठा केव्हाच संपायला हवा होता. तो तर भरपूर दिसत होता.

इंधनाचा प्रश्न

दरम्यान दुसऱ्या बाजूने उलट दिशेची गरज निर्माण झाली. १९४३ साली कार्ल सायफर्ट यांनी अतिशय तेजस्वी गाभा असलेल्या काही सर्पिल दीर्घिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या गाभ्यातील वायूचा वेग सेकंदाला हजारो किलोमीटर होता. १९६३ साली मार्टेन श्मिट यांनी ३सी २७३ या क्वासारचे अंतर ओळखले आणि एवढ्या दूरवरून इतके तेज देणारी शक्ती कोणती, हा प्रश्न ऐरणीवर आला. १९६४ साली साल्पिटर आणि झेल्डोविच यांनी स्वतंत्रपणे सुचवले, की प्रचंड वस्तुमानाच्या वस्तूवर वायू कोसळल्याने ही ऊर्जा मिळत असावी. १९६९ साली डोनाल्ड लिंडेन-बेल यांनी पुढचे पाऊल टाकले. जवळच्या अनेक दीर्घिकांच्या केंद्रांत विझलेल्या क्वासारची कृष्णविवरे असावीत, असे त्यांनी मांडले.

हायड्रोजनचे हेलियम होताना वस्तुमानाच्या ०.७ टक्के इतकीच ऊर्जा मिळते. कृष्णविवरात पडणाऱ्या वायूतून सुमारे १० टक्के मिळू शकते. तरीही तेजस्वी क्वासारला वर्षाला एक-दोन सूर्यांएवढा वायू लागतोच. म्हणजे केंद्राकडे वायू यायलाच हवा. पण कोनीय संवेग कोण घेणार?

मधला दंड

उत्तराचा धागा हबल यांच्या १९२६ च्या वर्गीकरणातच होता. त्यांनी सर्पिल दीर्घिकांचे दोन गट केले होते : साध्या, आणि मधून ताऱ्यांचा लांबट पट्टा गेलेल्या. या पट्ट्याला आपण दंड म्हणू. अवरक्त प्रकाशात पाहिले तर सुमारे दोन-तृतीयांश सर्पिल दीर्घिकांत दंड दिसतो. १९७० च्या सुमारास ताऱ्यांच्या चकतीचे संगणकी नमुने तयार होऊ लागले, तेव्हा अनेक चकत्यांत आपोआप दंड तयार होतो असे आढळले. ऑस्ट्रायकर आणि पीबल्स यांचा १९७३ चा लेख यासाठी प्रसिद्ध आहे.

दंड असला की गुरुत्वाकर्षण सर्व बाजूंना सारखे राहत नाही. त्यातल्या कक्षा दंडाच्या दिशेने लांबट होतात. तारे एकमेकांच्या वाटा ओलांडून सहज जातात, कारण त्यांची टक्कर जवळजवळ होतच नाही. वायूच्या मेघांचे तसे नसते. दोन प्रवाह समोरासमोर आले की ते आदळतात, दाबले जातात, तापतात आणि ऊर्जा गमावतात. दंडयुक्त दीर्घिकांच्या छायाचित्रांत दंडाच्या पुढच्या कडेला धुळीच्या काळ्या रेघा दिसतात, त्या याच आघाताच्या जागा. ही कल्पना केव्हिन प्रेंडरगास्ट यांनी १९६२ साली सुचवली होती. लिया अथनासुला यांनी १९९२ साली संगणकी नमुन्यांतून त्या रेघांचे आकार हुबेहूब काढून दाखवले.

आता मुख्य मुद्दा. दंड स्वतः फिरत असतो, पण त्याच्या हद्दीतला वायू त्याच्याहून भरभर फिरतो. त्यामुळे आघातानंतर वायू दंडाच्या किंचित पुढे साचतो. पुढे असलेल्या वायूला दंड आपल्या गुरुत्वाकर्षणाने मागे खेचतो. सतत मागे खेच बसल्याने वायूचा कोनीय संवेग कमी होतो आणि तो आत घसरतो. वायूने गमावलेला संवेग दंडातल्या ताऱ्यांकडे जातो. सर्पिल भुजाही कोनीय संवेग बाहेर वाहून नेतात, हे लिंडेन-बेल आणि काल्नाय्स यांनी १९७२ साली गणिताने दाखवले होते. घेणारा सापडला होता.

जुन्या मोजमापाचा नवा अर्थ

आता पुन्हा १९५७ च्या भुजेकडे येऊ. १९६४ साली जेरार द व्होकुलर यांनी एक वेगळा विचार प्रसिद्ध केला. आपली आकाशगंगाच दंडयुक्त असेल तर? मग वायूच्या कक्षा लांबट असतील आणि केंद्राच्या दिशेला त्याचा वेग शून्य येण्याचे कारणच नाही. स्फोटाची गरज उरत नाही. कल्पना साधी होती, पण आपण चकतीच्या आत बसलेलो असल्याने दंड थेट दाखवता येत नव्हता. १९७० च्या दशकातही केंद्रातील स्फोटाची गणिते गंभीरपणे मांडली जात होती.

निर्णायक बदल १९९१ साली झाला. बिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायड्रोजन व कार्बन मोनॉक्साइड यांचे वेग घेऊन, फिरत्या दंडातील कक्षांनी त्यांचा मेळ बसतो हे दाखवले. त्याच वर्षी ब्लिट्झ आणि स्पर्गेल यांनी अवरक्त प्रकाशाच्या वाटपावरून दंडाची बाजू मांडली, आणि लगेचच कोबे उपग्रहाच्या निरीक्षणांनी तिला बळ दिले. आज आपल्याला माहीत आहे, की आकाशगंगेचा दंड सूर्य आणि केंद्र यांना जोडणाऱ्या रेषेशी २५ ते ३० अंशांचा कोन करतो. २००८ साली डेम आणि थॅडियस यांना केंद्राच्या पलीकडे तशीच दुसरी भुजा सापडली. ती जवळपास तेवढ्याच वेगाने आपल्यापासून दूर जाते. दंडामुळे दोन्ही बाजू सारख्या असायला हव्यात, तशा त्या निघाल्या.

५३ हा आकडा तोच राहिला. ओर्ट आणि सहकाऱ्यांचे निरीक्षण चुकले नव्हते. 'वायू त्या जागी बाहेरच्या दिशेने जात आहे' हे विधानही बरोबर होते. 'म्हणून तो केंद्रातून निघून बाहेर चालला आहे' हे त्यापुढचे पाऊल मात्र चुकले. लांबट कक्षेत फिरणारा वायू एका टप्प्यावर बाहेर जातो आणि पुढच्या टप्प्यावर परत आत येतो. आपली दृष्टिरेषा नेमकी बाहेर जाण्याच्या टप्प्यावर पडते, एवढेच.

मैदानावर करून पाहण्यासारखे

हे फळ्यावर समजावण्यापेक्षा मैदानावर करून पाहावे. फक्कीने नऊ मीटर लांब आणि तीन मीटर रुंद लंबवर्तुळ आखा. मधोमध एक काठी उभी करा. काठी लंबवर्तुळाच्या केंद्रात हवी, नाभीत नव्हे. ग्रहांच्या कक्षेहून हा आकार या बाबतीत वेगळा आहे. वीस पावलांवर एक निरीक्षक असा उभा करा, की लंबवर्तुळाची लांब बाजू त्याच्या नजरेच्या रेषेशी सुमारे ३० अंशांचा कोन करील. आता काही विद्यार्थ्यांना एकाच दिशेने आखलेल्या रेषेवरून चालायला सांगा. निरीक्षकाने फक्त काठीच्या रेषेत येणाऱ्या विद्यार्थ्याकडे पाहून 'जवळ येतो' किंवा 'दूर जातो' एवढेच नोंदवायचे.

चालण्याची दिशा अशी ठेवा, की काठीच्या अलीकडून जाणारा विद्यार्थी लंबवर्तुळाच्या जवळच्या टोकाकडे निघालेला असेल. अलीकडचे सगळे 'जवळ येतो', पलीकडचे सगळे 'दूर जातो'. निरीक्षकाला स्फोट दिसेल! मग विद्यार्थ्यांना उलट फिरायला लावा. आता सगळे काठीकडे कोसळताना दिसतील. प्रत्यक्षात दोन्ही वेळा कोणी आतही गेले नाही आणि बाहेरही गेले नाही. शेवटी साधे वर्तुळ आखून तेच करा. काठीच्या रेषेत कोणीच जवळ येत नाही की दूर जात नाही.

कड्यापर्यंत, आणि त्यापुढे

मग निव्वळ किती वायू आत जातो? आपल्या आकाशगंगेत दंडाच्या कडेने केंद्राकडे येणाऱ्या वायूच्या दोन वाटा ओळखता येतात. २०१९ साली त्यांवरून हिशेब केला गेला, तो वर्षाला २.७ सूर्यांएवढा आला. २०२१ साली संगणकी नमुन्यांनी दाखवले, की या वाटांवरचा सगळा वायू आत थांबत नाही. बराचसा केंद्राला वळसा घालून पलीकडच्या वाटेवर जाऊन आदळतो. सुमारे एक-तृतीयांशच आत उरतो. दुरुस्त आकडा वर्षाला ०.८ सूर्यांच्या आसपास. येथेही तेच झाले. मोजलेला प्रवाह खरा, पण त्याचा अर्थ दुरुस्त करावा लागला.

हा वायू थेट कृष्णविवरात जात नाही. केंद्रापासून काही शे प्रकाशवर्षांवर तो एका कड्यासारख्या भागात साचतो. तेथे काही कोटी सूर्यांएवढा दाट वायू आहे. एनजीसी १०९७ या दीर्घिकेत असे कडे नवजात ताऱ्यांनी झगमगताना स्पष्ट दिसते. त्याच्या आत मोठ्या दंडाची खेच फारशी पोचत नाही. १९८९ साली श्लॉसमन, फ्रँक आणि बेगेलमन यांनी दंडाच्या आत दुसरा छोटा दंड ही कल्पना मांडली. काही दीर्घिकांत तसे आढळते, सगळ्यांत नाही. इतरत्र छोट्या सर्पिल धारा किंवा मेघांच्या टकरी हे काम करत असाव्यात. आपल्या आकाशगंगेत तर शेवटचा टप्पा जवळजवळ बंद आहे. कड्यात वर्षाला ०.८ सूर्य येतात, त्यांतून सुमारे ०.१ सूर्याएवढे तारे बनतात, आणि कृष्णविवराला वर्षाकाठी सूर्याचा दहा कोटीवा भाग मिळाला तरी पुष्कळ.

उरलेला वायू कोठे जातो? त्यातला काही बाहेर फेकला जातो. २०१० साली फर्मी उपग्रहाच्या निरीक्षणांतून आकाशगंगेच्या चकतीच्या वर आणि खाली प्रत्येकी सुमारे २५,००० प्रकाशवर्षे पसरलेले दोन फुगे सापडले. केंद्रातून द्रव्य बाहेर पडते, ही जुनी कल्पना अगदीच निराधार नव्हती. पण त्याचा पुरावा म्हणून ज्या भुजेकडे बोट दाखवले गेले, ती भुजा मात्र तो पुरावा नव्हती.

आमच्या मते हा धडा खगोलशास्त्रापुरता नाही. प्रयोगवहीत विद्यार्थी 'निरीक्षण' आणि 'अनुमान' असे दोन रकाने करतात, आणि बहुतेक वेळा दुसरा रकाना पहिल्याचीच पुनरावृत्ती असतो. १९५७ च्या लेखाचे दोन रकाने करून मुलांना भरायला सांगावे. पहिल्यातला प्रत्येक शब्द आजही टिकून आहे. दुसरा रकाना पुसून नव्याने लिहायला चौतीस वर्षे लागली.